मादामची झाडं आमच्या घरात

“ठेवा घरात, बाई. फार काही करावं लागत नाही याला.”

कुंडी माझ्या हातात देताना त्या असं म्हणाल्या. माझ्याकडे मराठी शिकून गेलेल्या एका मुलीची आई. चांगल्या मनाने आल्या होत्या. चकचकीत कागदात गुंडाळलेली कुंडी, तिला रेशमी फीत, आणि हिरव्यागार पानांच्या वर मेण चढवल्यासारखं लालभडक, पसरट फूल. अँथुरियम. मी “कशाला उगाच” म्हटलं, चहा केला, फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले आणि कुंडीपुढे उभी राहून एकटीच मोठ्याने म्हणाले, “फार काही करावं लागत नाही?”

आवाज एवढा चढला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मी न बोलणारी बाई आहे. शाळेत, देवळाच्या मंडळात, नात्यात माझी हीच ख्याती आहे. “यमूबाईंना राग येतच नाही,” असं लोक माझ्यासमोर कौतुकाने सांगतात आणि मी हसते. राग येत नाही हे खरं नाही. तो एका ठराविक हंगामात येतो. विषुववृत्ताखालच्या आमच्या या बेटावर जूनमध्ये थंडी पडली, कूप सुरू झाला, म्हणजे ऊसतोड सुरू झाली, की वाऱ्यावर कारखान्याच्या धुराड्यातला तो जड, गोडसर, किंचित जळका वास येतो. बो बासें शहरातल्या माझ्या घरापर्यंत तो पोचत नाही, तरी मला येतो. मग मी भांडी जरा जोरात आपटते. गृहपाठाच्या चुका जरा जास्त काढते. आणि कोणाच्या घरात खिडकीशी हे लाल फूल दिसलं की पदर सावरून नजर दुसरीकडे वळवते.

यंदा ते माझ्याच टेबलावर येऊन बसलं आहे. आता बोललं पाहिजे.

आम्ही नुव्हेल फ्रांसकडचे. बेटाच्या दक्षिणेचा उंचावरचा भाग, उसासाठी पूर्वी समुद्रापलीकडून आणलेल्या मराठी माणसांची आमची वाडी तिथे. थंडीत तिथे पाऊस पडत नाही, लोंबतो. सकाळी दार उघडलं की धुकं आत यायचं, जसं घरचंच माणूस बाहेरून पाय धुऊन यावं. उसाच्या पाचटाचं छप्पर, शेणानं सारवलेल्या भिंती, एक खोली. बाबा आधीच गेले होते. आये कारखान्याच्या मॅनेजरच्या बंगल्यावर धुण्या-इस्त्रीला जायची. माझा भाऊ दत्तू सहावी पास झालेला. त्या काळी आमच्या वाडीत सहावी पास म्हणजे केवढी गोष्ट! त्याचं अक्षर असं की शेजारपाजारचे लोक अर्ज लिहून घ्यायला येत आणि लिहून झालेल्या कागदावर हात फिरवून बघत. आयेच्या डोक्यात एकच होतं: दत्तू उसात जाणार नाही. दत्तू कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसणार.

मी धाकटी. माझ्याबद्दल कोणाच्या डोक्यात काही नव्हतं. हे तक्रारीने सांगत नाही, पुढे त्याचा मला फायदाच झाला.

पन्नास सालानंतरची ती कुठलीशी थंडी. मादाम, म्हणजे मॅनेजरची बायको, बोटीने फ्रान्सला निघाली होती, कूप संपता संपता परतणार होती. बंगल्याची दुरुस्ती काढलेली: भिंती खरवडायच्या, चुना, रंग. तिच्या बैठकीतल्या अँथुरियमना चुन्याची धूळ आणि रंगाचा वास सोसणारा नव्हता. म्हातारा माळी लेकीकडे कायमचा निघून गेलेला. मग मादामला आमची आठवण झाली.

कारखान्याच्या बैलगाडीतून ती झाडं आली. खाली गोणपाट, वर गोणपाट, मध्ये कापूस लावल्यासारखं गवत. एवढ्या जपून आमच्या वाडीत बाळंतिणीलाही कोणी आणलेलं मी पाहिलं नव्हतं. मागून मोटारीतून मादाम. उंच, किडकिडीत, हातमोजे घातलेली. ती दारातच उभी राहिली आणि क्रेओलमध्ये, इथल्या बोलीत, आयेला सांगत गेली. ऊन नको. वारा नको. चुलीचा धूर तर अजिबात नको. पाणी पावसाचंच, नळाचं चालणार नाही, आणि थंडीत ते आधी कोमट करायचं. पानं रोज पुसायची. अर्धं दूध, अर्धं पाणी. दुधानं पानाला झळाळी येते.

आये प्रत्येक वाक्यावर मान हलवत होती. “वी, मादाम. वी, मादाम.”

शेवटी मोटारीत बसता बसता मादाम म्हणाली की, मी येईपर्यंत ही जगली तर तुझ्या मुलाच्या ऑफिसातल्या नोकरीचं मी स्वतः मिस्येकडे बोलेन. मिस्ये म्हणजे तिचा नवरा. मोटार वळणावरून दिसेनाशी झाली तरी आये तिथेच हात जोडून उभी होती. आत आली तेव्हा तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला होता.

“ऐकलंस न्हवं, दत्तू? ही झाडं न्हाईत रे. ही तुझी खुर्ची हाय.”

मग आम्ही खुर्चीसाठी घर रिकामं केलं. भिंतीला लागून एक माच होता; मी आणि दादा त्यावर निजायचो. जमिनीची ओल लागू नये म्हणून झाडं माचावर गेली आणि आम्ही गोणपाटावर, जमिनीवर आलो. चूल आतून उखडून बाहेर आडोशाला मांडली. आडोसा म्हणजे चार बांबू आणि दोन गोण्या. अख्खी थंडी माझ्या आईनं त्या लोंबत्या पावसात ओल्या लाकडांवर फुंकर घालत भात शिजवला. घरात मात्र धुराचा लवलेश नव्हता. पाहुण्यांना सर्दी होऊ नये ना!

आये पहाट फुटताच बंगल्यावर जायची, रंगाऱ्यांचं जेवणखाण आता तिच्याच गळ्यात होतं. दादा त्या हंगामापुरता उसात उतरला. “खुर्ची मिळेपर्यंत,” असं तो हसत म्हणायचा, आणि संध्याकाळी उसाच्या पात्यांनी चिरलेले हात मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. राहिले मी. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर ती झाडं माझी.

खरं सांगायचं तर मला ती आवडायची. हे कबूल करायला इतकी वर्षं गेली, कारण आवडली होती म्हटलं की राग लटका वाटतो. पण दोन्ही होतं. ती नारळाएवढ्या जाडीच्या, कोरलेल्या फांझांच्या कुंड्यांत होती. फांझां म्हणजे इथल्या झाडाएवढ्या नेच्याचं खोड, काळं, केसाळ, अस्वलाच्या पायासारखं. त्याच्यात बोट खुपसलं की कळायचं: बोटाला गार लागलं तर थांब, कोरडं लागलं तर पाणी घाल. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला मी प्रेमाने भरपूर पाणी घातलं आणि एक पान पिवळं पडलं. त्या दिवशी मी जेवले नाही. मला वाटलं, दादाच्या खुर्चीचा एक पाय मोडला.

नवं पान यायचं ते तांबूस, वासराच्या कानासारखं नाजूक, गुंडाळलेलं. सकाळी शाळेत जाताना बंद आणि परत यावं तर अर्धं उघडलेलं. त्याच्या बगलेतून कळी निघायची, हिरवी, चोचीसारखी टोकदार. ती लाल व्हायला इतका वेळ घ्यायची की मी रोज तिला दटावायची. पानाखाली कधी पांढरे, कापसासारखे किडे धरायचे. ते साबणाच्या पाण्यात तमाखू भिजवून मी पुसून काढायची. खोडातून बाहेर डोकावणाऱ्या मुळ्यांवर ओलं शेवाळ बांधायची. खिडकीकडे झुकलेली कुंडी थोडी फिरवून ठेवायची. फार काही करावं लागत नाही!

आणि दूध. रोज पळीभर दूध आये शेजारच्या भागीकाकीच्या गाईचं आणायची. बदल्यात काकीच्या गोठ्यातलं शेण काढायची. आम्ही काळा चहा प्यायचो. आमच्या घरात दूध येत होतं, रोज, न चुकता, आणि ते मी फडक्याने पानांना लावत होते. एकदा कोणी नव्हतं तेव्हा मी ते फडकं तोंडात धरून पिळलं. धुळीची, पानाची आणि साबणाची चव होती. तरी गोड लागलं. मग मीच घाबरले आणि ते पान दोनदा पुसलं, माचावरच्या त्या राणीसाहेबांनी चुगली करू नये म्हणून.

“यमे,” दादा संध्याकाळी म्हणायचा, “तुझ्या सासूबायना आंघोळ घातलीस का गो?”

“घातली. तुझ्या खुर्चीला तेलपाणी केलं.”

“मग खुर्ची जरा माझ्याकडं वळव. बसून बघतो.” आणि तो जमिनीवरच, मांडी घालून, पाठ ताठ करून, हवेत पेन धरून बसायचा. आम्ही पोट धरून हसायचो. आये बाहेरून ओरडायची, “अरे, हळू! पानं हलतील!”

आता हसू येत नाही. आमच्याच घरात आम्ही हळू हसत होतो.

भाद्रपद इथे थंडीतच येतो. गणपती आमच्याकडे दरवर्षी बसायचा, मातीचा, वीतभर. त्याची जागा कुठली? माचाच्या डोक्याशी, घरातला एकच कोपरा कोरडा आणि स्वच्छ. तिथे आता मादामची झाडं. आये दोन दिवस त्या कोपऱ्याकडे बघत होती. झाडं खाली घेतली तर ओल. गणपती खाली घेतला तर पाप. शेवटी तिनं झाडं थोडी सरकवून त्यांच्या मधोमध पाट मांडला आणि गणपती बसवला. इतकी सुंदर आरास आमच्या घरात आधी कधी झाली नव्हती, नंतर कधी झाली नाही. मागे काळपट हिरवी, दुधानं चकाकणारी पानं, दोन्ही बाजूंना लाल फुलं, आणि मध्ये आमचा साधा मातीचा देव, समईच्या उजेडात.

आरतीला सगळी वाडी आली. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. पोरांनी अंगणात जाखडीचा फेर धरला होता. ढोलकी, पायांतले चाळ, वरून पावसाचा भुरका. आत भागीकाकी पुढे सरकली. तिचं वय झालेलं, तिच्या शब्दाला मान. तिनं आपल्या पुढच्यातलं सगळ्यांत मोठं लाल फूल बघितलं आणि सहज हात घातला. लाल फूल आणि गणपती! आमच्यातलं कोणीही तेच केलं असतं. त्यात विचार करायचा काय?

आयेनं तिचं मनगट धरलं.

ढोलकी बाहेर वाजत होती.

“काकी, ते नको. ते आपलं न्हाय.”

“आपलं न्हाय?” काकीला समजेना. “घर तुझं. पानी तुझं. माझ्या गाईचं दूध त्याला. नि फूल कोणाचं गो?”

“मादामचं.”

“नि ह्यो?” काकीनं गणपतीकडे बोट केलं. “ह्यो तरी तुझा हाय, का तोबी मादामनं ठेवायला दिलाय?”

कोणी तरी फिस्सकन हसलं. आयेनं मनगट सोडलं नाही. देवासमोर, भरल्या आरतीत, माझ्या आईनं देवाचं फूल अडवलं. ती किती देवभोळी होती हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल तिचं त्या वेळी काय झालं असेल. काकी तशीच उठली, उंबरा ओलांडून गेली. जाताना म्हणाली, “मादामची पोरं माचावर नि तुझी भुईवर. बाप्पा बघतोय हो, बाये.” दुसऱ्या दिवशी आरतीला आम्ही तिघंच होतो. दूध मात्र काकीनं बंद केलं नाही. पळी आमच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवायला लागली, एवढंच.

मला काकीचा राग आला होता, आयेचा आला होता. ज्या बाईचं ते फूल होतं ती समुद्रापलीकडे कुठे तरी उन्हात बसली होती, आणि तिचा राग मला आला नव्हता. याच गोष्टीचा आज सगळ्यात जास्त येतो. रागसुद्धा आम्ही आपसांत वाटून घेतला. तिच्या वाट्याला कणभर गेला नाही.

ते फूल पुढे पुष्कळ दिवस तसंच टवटवीत राहिलं. गणपती पाण्यात गेला, विरघळला. ते राहिलं.

कूप संपत आला तेव्हा मादाम परतली. बंगला रंगवून तयार होता. मोटार पुन्हा आमच्या दाराशी. ती आत शिरली, या वेळी उंबरा ओलांडून, आणि माचासमोर थबकली. झाडं घट्ट, भरदार झाली होती. गेली तेव्हा होती त्याहून जास्त पानं, जास्त फुलं. तिनं पिशवीतून कात्री काढली आणि रात्रीच्या मेजवानीसाठी म्हणून सगळी फुलं कचाकच कापून घेतली. मला शिंकायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात. मी दाराआड उभी होते. आयेकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग मादामनं विचारलं, “कोणी केलं हे?”

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. परक्या माणसापुढे घरातल्या कुठल्याही चांगल्या कामाचं नाव थोरल्या मुलावर घालायचं. भाजी चांगली पिकली, थोरल्यानं पिकवली. गाय व्याली, थोरल्याच्या पायगुणानं. आया असंच बोलतात, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्यात कोणी खोटं बोलतंय असं कोणाला वाटत नाही. शिवाय इथे खुर्चीचा प्रश्न. आये छाती फुगवून म्हणाली, “मो गार्सों, मादाम. माझ्या दत्तूनं.”

मादामला नवल वाटलं. तिनं दादाला पुढे बोलावलं. “पाणी कधी घालायचं हे तुला कसं कळायचं?”

दादानं आयुष्यात त्या झाडांना थेंबभर पाणी घातलेलं नव्हतं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. मी दाराच्या फटीतून हळूच मराठीत म्हटलं, “फांझां बोटाला कोरडं लागलं की.” त्यानं ते क्रेओलमध्ये सांगितलं. “आणि पांढरे किडे?” “साबणाचं पाणी, तमाखू,” मी कुजबुजले. त्यानं सांगितलं. “कुंडी का फिरवतोस?” “उजेडाकडे वाकतं म्हणून.” परीक्षा चालली होती आणि आम्ही पहिले येत होतो. आयेच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. मला वाटलं, ही खुर्ची मीच मिळवून दिली दादाला.

मादामनं टाळी वाजवली. “सा गार्सों-ला एना लामें पू प्लांत!” या मुलाला झाडांचा हात आहे. आमचा माळी गेलाच आहे, सोमवारपासून याला बागेत पाठव.

आयेला आधी कळलंच नाही. मग ती चाचरत म्हणाली, “मादाम... ते ऑफिसचं... मिस्येशी...”

मादाम हसली. वाईट हसली नाही, हेच तर. अगदी मायेनं हसली. “ऑफिस? असे हात खुर्चीत वाया घालवायचे?”

दादानं मान वळवून दाराच्या फटीकडे पाहिलं.

आता इथवर आले आहे तर सांगते. मी त्या वेळी पुढे होऊन म्हणू शकत होते की, मादाम, हे सगळं मी केलं, त्याला यातलं काही येत नाही. एवढंच म्हणायचं होतं. क्रेओल मला येत होतं, शब्द तोंडात तयार होते. मी भेदरले होते असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. भेदरले नव्हते. मला लख्ख दिसलं होतं की मी बोलले तर सोमवारी मी जाणार. बंगल्यावर, आयेच्या मागोमाग, एप्रन बांधून. आणि मला शाळा आवडत होती. मी जीभ दातांमागे धरली. दादानं नजर वळवून घेतली.

“वी, मादाम,” आये म्हणाली.

सोमवारी तो गेला. त्याच्या पगारातून माझी शाळा झाली. पुढे रोझ हिलच्या बाजूला मोठी शाळा, बसचं भाडं, गणवेश, सगळं त्या बागेतून आलं. साठ सालानंतर प्राथमिक शाळांत मराठीचे तास होऊ लागले आणि मला नोकरी मिळाली. वाडीच्या बैठकीत, म्हणजे संध्याकाळच्या मराठी वर्गात, मास्तरांपुढे जमिनीवर बसून शिकलेल्या मराठीनं मला खुर्ची दिली. होय, खुर्ची. पहिल्या दिवशी तिच्यावर बसले आणि उभी राहिले. दिवसभर उभ्यानं शिकवलं. सगळ्यांना वाटलं, नव्या बाई फार उत्साही आहेत.

आये नंतर कुठल्याही मुलाचं कौतुक कोणापुढे करेनाशी झाली. मी शिक्षिका झाल्यावर बायका विचारत, “यमू काय करते हो?” तर ती म्हणायची, “करते कायतरी.” लोकांना वाटायचं, म्हातारी तुटक आहे. ती तुटक नव्हती. चटका बसलेलं माणूस होती.

देश स्वतंत्र झाला, नवा झेंडा आला, मोटारी बदलल्या, मादामच्या जागी तिची सून आली. माझा भाऊ बागेतच राहिला. गंमत बघा, झाडांचा हात त्याला खरंच आला. न येऊन सांगतो कुणाला?

यंदा, त्या बाई कुंडी देऊन गेल्या त्याच्या पुढच्या रविवारी, दादा आला. पिशवीत पालेभाजी, चार भोपळे. पन्नाशी ओलांडली आहे. पाठ वाकली आहे ती वयानं नाही, सवयीनं. बसायच्या आधीच त्याची नजर खिडकीशी गेली.

“उनात ठेवलंस गो? करपेल.”

“करपू दे.”

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. मी असं बोलत नाही. मग मी सगळं बोलले. उभ्यानंच, ओट्याला पाठ लावून, वर्गात धडा म्हणावा तसं, त्याच्याकडे न बघता. त्या दिवशी दाराआड मला काय वाटलं, मी काय निवडलं. किती तरी वर्षं मी बोलायचं ठरवून त्याच्या घरी जाते आणि भाजीचे भाव विचारून परत येते, तेही सांगितलं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, “तू बोलली असतीस तर तिनं दोघांना नेलं असतं. तुला झाडांना, मला गवताला.”

“ते मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.”

“बरं वाटायला कशाला? तुला ठाव हाय का, तिनं मिस्येला कधी विचारलंच न्हवतं.”

मी वळून बघितलं.

“बागेत लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. मिस्ये बाहेर सिगारेट फुंकीत उभा होता. मी धीर केला नि विचारलं, मिस्ये, माझ्या ऑफिसच्या कामाचं मादाम बोलली होती का? म्हणाला, कुठलं ऑफिस? तू कोण?” दादा हसला. “वरीसभर त्याच्या दारातली झाडं मीच बघत होतो.”

“आणि तू हे आम्हाला सांगितलं नाहीस?”

“आयेला कसं सांगू? नि तू शिकत होतीस. मधीच सोडून आली असतीस, तुझं डोकं मला ठाव न्हाय?”

म्हणजे तोही गप्प बसला होता. मी माझ्या एका सोमवारचं ओझं वाहत होते आणि तो सगळ्या वर्षांचं. आणि ज्या बाईनं जाता जाता मोटारीतून एक वाक्य टाकलं होतं ती ते वाक्य बोट सुटायच्या आधी विसरून गेली होती. त्या वाक्यावर आमची एक थंडी, एक गणपती, एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं. तिनं फसवलं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. फसवायला निदान समोरचा माणूस लक्षात तरी ठेवावा लागतो.

माझा आवाज पुन्हा चढला. “तुला राग नाही आला, दादा? एकदासुद्धा?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

“आला ना. रोजच यायचा,” तो म्हणाला. “आला की गवत कापायचो.”

त्या बंगल्यापुढची हिरवळ मी पाहिली आहे. रस्त्यानं जाणारे लोक मोटारी थांबवून तिच्याकडे बघतात, नवरानवरी तिथे फोटो काढून घ्यायला येतात. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत एकही पातं वर आलेलं नाही. इतकं सपाट, इतकं बारीक कापलेलं गवत या बेटावर दुसरीकडे कुठे नसेल.